एका कान्याचा प्रश्न

सुधा,

तुझ्या वर्गातल्या मुलींनी माझ्या शिलाई मशीनवर कोरे कागद आणून ठेवलेत. मशीनवरच, म्हणजे मी दुसरं काही काम करायला नको! वर ताकीद दिलीय, "अक्का, बाईंबद्दल तुम्हीच लिहायचं. शनिवारी वर्गात वाचायचंय." मी पहिलं वाक्य लिहिलं, ‘सुधा, तू गेलीस आणि मी मागं राहिलो.’ तर ती मुमताज लगेच पेन्सिल घेऊन वाकली आणि ‘राहिलो’मधला काना खोडून तिनं ‘राहिले’ केलं. तुझीच चेली ती. मी तिच्यादेखत तो काना परत दिला.

म्हणून वाचणाऱ्यांना आधीच सांगून टाकतो. मी बाईमाणूस आहे. रत्नागिरीत ब्लाउज शिवतो. पण माझं माहेर कोल्हापूरकडचं, आणि तिकडं आम्ही बाया ‘मी आलो, मी गेलो, मी जेवलो’ असंच बोलतो. लग्न होऊन इथं आलो, मासे साफ करायला शिकलो, सोलकढी प्यायला शिकलो, पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या भिंतींची ओल सोसायला शिकलो. ‘आले-गेले’ मात्र जिभेला कधी जमलं नाही. शेवटी तूसुद्धा माझ्यापुढं हात टेकलेस.

आणखी एक. परवा तुझी आई जे बोलली ते तुला सांगायचंय. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच लिहायला बसलो. पण ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर पुढचं काही माझ्याच्यानं लिहवणार नाही.

तू पहिल्यांदा दारात आलीस ते ऐंशी-एक्क्याऐंशी साल असावं. अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली पँट आणि बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला ब्लाउजपीस. मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यातला सुधाकर कारकून म्हणून गल्ली तुला ओळखायची. मी आत अस्तर कापत बसलो होतो. बाहेर कडी वाजली म्हणून पडद्याआडून ओरडलो, "थांबा हं, मी आलो!" आणि बाहेर येऊन बघतो तर तू पायरी उतरून चाललेली.

"अहो, काय पाहिजे होतं?"

"आत मालक आहेत ना? नंतर येणं होईल," तू मान खाली घालून म्हणालीस.

"कुठले मालक? आमचे हे एसटीच्या वर्कशॉपला गेलेत. आत मीच होतो."

तू माझ्याकडं असं बघितलंस की मला वाटलं माझ्या अंगावर पाल पडलीय. मग हळूच म्हणालीस, "तुम्ही ‘होतो’ म्हणालात."

"मग काय म्हणू?"

आणि तू त्या पायरीवर बसून हसायला लागलीस. हसता हसता डोळे पुसायला लागलीस. मी मनात म्हटलं, आता हे काय नवीन! हा बाबा भर उन्हात येऊन बसलाय आणि रडतोय का हसतोय तेच कळेना. पाणी आणून दिलं. तू ते घटाघट प्यायलीस आणि म्हणालीस, "बहिणीसाठी ब्लाउज शिवायचाय."

"माप?"

"ती माझ्याच अंगलटीची आहे."

सुधा, मी जन्मभर बायकांची मापं घेतली. कोण खरं सांगतंय, कोण पोट आत ओढून धरतंय, सगळं टेपला कळतं. मी काही विचारलं नाही. "हात वर करा," म्हटलं आणि माप घेतलं. बाही कोपरापर्यंत पाहिजे म्हणालीस, तर कोपरापर्यंत लिहिली. आठवड्यानं तू तो आतल्या खोलीत आरशासमोर घालून उभी राहिलीस, आणि मी मागून खांद्याची शिवण बघत सहज म्हणून गेलो, "बहिणीला झकास बसला की गं!"

ते ‘गं’ माझ्या तोंडून कसं गेलं मला आजही सांगता येणार नाही. तुला मात्र ते जन्मभर पुरलं. कुणी नवीन ओळखीचं भेटलं की तू सांगायचीस, "माझं बारसं अक्कानं केलं, तेही टाचण्या तोंडात धरून." नाव तुझं तूच ठेवलंस म्हणा. सुधाकरमधला ‘कर’ काढलास आणि म्हणालीस, "एवढी वर्षं भरला, आता कर माफ झाला." असले विनोद करून स्वतःच आधी हसायचीस तू.

मागच्या पडवीतली खोली आम्ही तुला भाड्यानं दिली, आणि मग हळूहळू मला तुझी ती युक्ती कळली. तू कधी ‘मी जातो’ म्हणायची नाहीस. ‘मी जाते’ म्हणायची तुझी टाप नव्हती. म्हणून ‘मला जायचंय’. ‘मी जेवलो’ नाही, ‘माझं जेवण झालं’. ‘मी येईन’ चालायचं, ‘मी केलं’ चालायचं, ‘मला भूक लागली’ चालायचं. तूच मला मशीनशेजारी बसून समजावलं होतंस, की मराठीत अशा वाटा आहेत, त्या वाटांनी गेलं तर बोलणारा बाप्या की बाई हे समोरच्याला कळतच नाही. चाळिशी आली तोवर तू त्या वाटांनीच चालत होतीस. कारखान्यातले लोक म्हणायचे, सुधाकर फार अदबीनं बोलतो. अदब कसली! चोरासारखं अंग चोरून बोलणं होतं ते. मी आपली बाई असून खुशाल ‘जातो-येतो’ करत हिंडायचो, मला कुणी हटकलं नाही. तू म्हणालीस, "अक्का, देवानं आपल्या दोघींचे काने अदलाबदल करून दिलेत बघ." मी म्हटलं, "मग भांड की देवाशी. गप्प काय बसतेस?"

एम.ए.ला नाव घातलंस तेव्हा वर्गातली पोरं तुला काका म्हणायची. बी.ए. तू नोकरी करता करता बाहेरून केलेलं होतं, आता बर्फाच्या कारखान्यातली नोकरी सोडून रोज कॉलेजला जायला लागलीस. कारखान्याच्या मालकानं तुला वेड्यात काढलं. पहिलं वर्ष शर्ट-पँटीत गेलं. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तू पडवीतून बाहेर आलीस ती निळी साडी नेसून, मी शिवलेला ब्लाउज घालून, केस मागं बांधून. माझ्या हातातली कात्री हातातच राहिली. आमचे हे चहा पीत होते. मला वाटलं आता हे काय बोलतात कोण जाणे. त्यांनी कप खाली ठेवला, सायकल काढली आणि तुला म्हणाले, "सरळ चालायचं. मागं बघायचं न्हाई. मी सायकल घेऊन मागं हाय." आणि कॉलेजच्या फाटकापर्यंत, पायी चालणाऱ्या बाईच्या मागं एसटीचा मेकॅनिक सायकल हातात धरून चालत गेला. गल्लीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. पुढं काही दिवस मारल्या. मग त्यांनाही कंटाळा आला असेल.

अभ्यासाला विषय घेतलास तोही बघा कसला! बायका बोलताना स्वतःबद्दल क्रियापद कसं वापरतात. त्यासाठी तू मिरकरवाड्यात मासळीच्या लिलावात जाऊन उभी राहायचीस, टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांचं बोलणं टिपून घ्यायचीस. एकदा मी बरोबर होतो. एका बाईनं तुला दम दिला, "काय गो बाय, मासळी घेतेस का नुसतं लिवत बसतेस?" तू घाबरून बांगडे घेतलेस, तेही नको तेवढे. घरी येताना माझ्या कानात म्हणालीस, "अक्का, ती ‘बाय’ म्हणाली. ऐकलंस ना?" बांगडे सगळ्या गल्लीला वाटले आपण. माझ्यावरही तू एक प्रकरण लिहिलंस. कोल्हापूरकडच्या स्त्रियांची बोली, म्हणून. माझ्यावर! सातवी पास बाईवर! मी ते प्रकरण आमच्या ह्यांना वाचून दाखवायला लावलं, तर ते म्हणाले, "हिची बडबड आता कॉलेजात ठेवणार व्हय?"

पहिला वर्ग मिळाला तुला. पेढे मी वाटले. कुणाचे पेढे, म्हणून जो विचारेल त्याला सांगितलं, माझ्या बहिणीचे.

आणि मग ते अर्ज. मास्तरकीची जागा निघाली की तू अर्ज टाकायचीस आणि कुठूनतरी एक पाकीट यायचं. काही जणांनी तुला बोलावून, दारातूनच बघून, जागा भरली म्हणून सांगितलं. एकानं तर शिपायाकरवी सांगितलं, स्वतः तोंडसुद्धा दाखवलं नाही. तुझं वयही आडवं यायचं. पंचविशीतली पोरं रांगेत आणि त्यांच्यात तू, पांढऱ्या केसांची बट कानामागं सारत. तू घरी येऊन म्हणायचीस, "म्हातारी म्हणून नको की बाई म्हणून नको की बाई नाही म्हणून नको, एवढं तरी स्पष्ट लिहावं माणसानं. दुरुस्ती कशाची करायची ते कळलं असतं."

त्या शाळेचं मात्र तसं नव्हतं. आपल्या शेजारच्या तालुक्यातली शाळा, वरच्या वर्गांना मराठी शिकवायची जागा. मुलाखतीला मी आग्रहानं बरोबर आलो. मला बाहेर बाकावर बसवलं. आत उकडत होतं म्हणून दार उघडंच होतं, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं. अध्यक्ष म्हणजे आंब्याच्या बागांचे मालक, सोन्याची बटणं लावलेले. वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्यानं तुला बसा म्हटलं, पाणी दिलं. मुख्याध्यापकांनी व्याकरणाचं विचारलं आणि तू अशी काही रंगून बोलायला लागलीस की ते परीक्षा घ्यायची विसरले आणि ऐकत बसले. मधे एकदा सगळे खळखळून हसले. मी बाकावर बसून मनातल्या मनात तुला नोकरी देऊनही टाकली. पहिल्या पगारात तू काय घेशील इथपर्यंत माझी मजल गेली.

मग अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, "हे बघा, आम्ही काही मागासलेली माणसं नव्हे. तुमच्यासारखं शिकवणारं माणूस आम्हाला हवंच आहे. घरी तुम्ही काय वाटेल ते नेसा, आम्ही विचारणार नाही. शाळेत कागदावरच्या नावानं यायचं, शर्ट-पँट घालून. आणि वर्गात ‘मी शिकवतो’ एवढं म्हणायचं. बस्स. एका कान्याचा तर प्रश्न आहे. सोमवारी रुजू व्हा."

सुधा, तुला तेव्हा तुझ्या त्या सगळ्या वाटा मोकळ्या होत्या. ‘मी शिकवीन’ म्हणाली असतीस तर त्यात कुणाला ना तो दिसला असता ना ती. ‘माझं काम चांगलं होईल’ म्हणाली असतीस. ‘मला विचार करायला वेळ द्या’ म्हणाली असतीस. आयुष्यभराची सवय होती तुझी, आणि समोर कायमची नोकरी. आणि आतून तुझा आवाज आला, अगदी शांत.

"मी शिकवते, साहेब. मला तेवढंच येतं."

मग तूच उठलीस, खुर्ची नीट सरकवून ठेवलीस, नमस्कार केलास आणि बाहेर आलीस.

अगं, पहिला वर्ग मिळाल्यावर वाटला नव्हता एवढा तुझा अभिमान त्या बाकावर मला वाटला. आणि पुढच्याच क्षणाला माझं डोकं फिरलं. मी पदर खोचून दाराकडं निघालो, त्या अध्यक्षाला विचारायला, की बाबा, मी बाई आहे आणि मी जन्मभर ‘करतो’ म्हणतो, तर मला आता मिशा लावून हिंडायला सांगणार का तू? तू माझं मनगट धरलंस. असं धरलंस की बांगडी पिचली. फरफटत एसटी स्टँडवर नेलंस मला.

तिथं आपण दोघी केवढ्यानं भांडलो! लोक बघत होते. मी म्हटलं, "माघारी चल. त्यांना चार शब्द सुनाव. असं निमूट उठून आलीस, त्यांना वाटेल तूच चुकलीस."

तू म्हणालीस, "मी निमूट नाही आले."

"मग काय केलंस? नमस्कार करून आलीस की!"

"भांडूनच आले, अक्का. एका शब्दाचं भांडण होतं, तो शब्द बोलले. आता पुढं काय बोलायचं? मला भजी खायचीत."

आणि खरोखरच कँटीनमध्ये जाऊन तू कांदाभजी मागवलीस, खाल्लीस एकही नाही. गाडी येईपर्यंत ती बशी आपल्या दोघींच्या मधे तशीच होती.

ते भांडण आपलं मिटलं नाही, सुधा. मला अजूनही वाटतं तू माघारी जायला पाहिजे होतंस. मला जाऊ द्यायला पाहिजे होतंस. दिवाळी आली, पाडवा आला की कशावरून तरी हा विषय निघायचा, आणि आमचे हे उठून अंगणात जायचे. तू तुझं सोडलं नाहीस, मी माझं सोडलं नाही. आता तू निघून गेलीस, म्हणजे तू जिंकलीस असं नव्हे, एवढं लक्षात ठेव.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. तू भजीही खाल्ली नाहीस आणि भातही. पडवीत भिंतीकडं तोंड करून पडून राहायचीस. मी भाताची पेज करून आणायचो, तू ‘ठेव’ म्हणायचीस. एकदा म्हणालीस, "अक्का, त्या खोलीत वाटलं होतं की जिंकले. घरी आले तर नोकरी नाहीच." मी तुझ्या डोक्याला तेल घातलं, चांगलं खसाखसा. तू रडलीस, मी रडू दिलं.

तुझ्या आईचंही तेव्हाच तू बोललीस. आई लांज्याकडच्या गावाहून यायची, पिशवीत तांदूळ, कुळीथ, आमसुलं. दारातूनच हाक, "माझं बाळ हाय काय गो घरात? जेवलं काय बाळ?" पहिल्यांदा तुला साडीत बघितलं तेव्हा म्हातारीनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "बाळ बारीक झालंय." मला तर फार बरं वाटलं होतं तेव्हा. पण तू म्हणालीस, "तुला कळलं नाही, अक्का. ती मला ‘तो’ म्हणत नाही आणि ‘ती’ही म्हणत नाही. ‘ते’ म्हणते. माझ्यासारखीच तीही वाट काढते."

मी म्हटलं, "सगळ्या आया बाळच म्हणतात."

"हो. पण कधीतरी ‘माझी लेक आली’ असंही म्हणतात." मग भिंतीकडं वळून म्हणालीस, "शाळेचं जाऊ दे. शाळा काय, दुसरी मिळेल. पण आईनं एकदा ‘आली’ म्हणायला हवं होतं."

नोकरी का मिळाली नाही ते तू आईला खरं सांगितलंस. म्हातारी आमसुलं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "येवढ्याशाच्या पायी? बाळानं बरं केलं का वाईट, मला अडाणीला काय कळतंय." आणि निघताना तुझ्या खोलीच्या उंबऱ्यात तांदळाची आख्खी पिशवी ठेवून गेली, दरवेळी अर्धी द्यायची ती.

तू उठलीस ते मात्र तुझ्याच पद्धतीनं. त्या शाळेचं रीतसर पत्र आलं, ‘श्री.’ लावून, आपली निवड होऊ शकली नाही याबद्दल खेद वाटतो म्हणून. तू ते वाचलंस, लाल पेन मागितलंस आणि त्या पत्राचं शुद्धलेखन तपासायला बसलीस! ‘निवड’ला पहिली वेलांटी हवी, दुसरी दिलीय. ‘श्री.’च्या जागी ‘श्रीमती’. ‘खेद वाटतो’ खाली रेघ मारून समासात लिहिलंस, ‘खेद दिसत नाही, वाक्य पुन्हा लिहा.’ आणि वर शेरा, ‘विद्यार्थी होतकरू आहे, मेहनत हवी.’ मी हसून हसून मशीनवर डोकं टेकलं. पुढं जेवढी पत्रं आली तेवढी सगळी तू तपासलीस. एकालाही पास केलं नाहीस.

मग माझ्याकडंच बसायला लागलीस, हूक लाव, फॉल लाव, काज कर. आणि तिथं ती मुमताज आली, तिच्या आईचा ब्लाउज न्यायला. मिरकरवाड्यातली पोर, दहावीला मराठीत नापास, घरात म्हणाले आता पुरे. ती उभ्या उभ्या रडली. तू हातातला फॉल बाजूला ठेवलास आणि म्हणालीस, "बस इथं. कर्ता म्हणजे काय सांग बघू." पोरीला सांगता आलं नाही. तू सांगितलंस. मला वाटतं तिथंच तू पुन्हा जिवंत झालीस. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला घेऊन आली, मग त्या मैत्रिणीची बहीण. माझी बसायची जागा गेली. कापडाच्या ताग्यांवर पोरी बसायला लागल्या, तेव्हा आमच्या ह्यांनी पडवीला पुढं पत्रे टाकून दिले आणि वर्कशॉपमधून एक पत्र्याची पाटी रंगवून आणली, ‘सुधाबाईंचा मराठीचा वर्ग’. त्यात ‘मराठीचा’चा काना त्यांनी विसरून शेजारच्या अक्षराला चिकटवला होता. तू ती पाटी तशीच ठेवलीस. म्हणालीस, "काना चुकला तरी माणसं कळतात, हे मुलींना कळू दे."

मुमताज पास झाली. आता ती स्वतः शिक्षिकेचं शिकतेय. गल्लीतल्या त्या शिट्ट्या मारणाऱ्यांतल्या एकाची बहीण तुझ्याकडं येऊ लागली, तेव्हा तो तिला सोडायला यायचा आणि तुला बघून विडी विझवायचा. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं होतं, "सर आहेत?" आणि त्याच्याच बहिणीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, "बाई आहेत!"

तू गेलीस ते मी लिहीत नाही. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि मग तुझ्या छातीनंच दगा दिला. बस्स. त्या दुपारी दारापुढच्या खळ्यात सगळी गल्ली जमली. तुझी आई सकाळच्याच गाडीनं पोचली होती, तुझा हात तिच्या हातात होता, एवढं मला समाधान आहे.

आणि आता ते सांगतो.

बाहेर माणसं कुजबुजायला लागली. आंघोळ कुणी घालायची, बाप्यांनी का बायकांनी? धोतर आणायचं की लुगडं? शेजारचे तात्या म्हणाले, "कागदावर सुधाकर आहे. रीतीनं काय ते व्हायला हवं." कुणी म्हणालं, "पण नेसायला तर..." सगळे दारात येऊन थांबले. तुझा सगळा जन्म त्या दारात अडकला होता, सुधा. मी पदर खोचला. म्हटलं आज माझं मनगट धरायला ही नाही, आज मी एकेकाला बघून घेतो. तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात तात्यांनी आतल्या अंगाला वाकून तुझ्या आईलाच विचारलं, "म्हातारे, तूच सांग. काय करायचं?"

तुझी आई उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. दारात आली आणि त्या सगळ्या बाप्यांकडं बघून म्हणाली,

"काय करायचं म्हंजे? बाय माझी गेली. लेक गेली माझी. तुम्ही बाहेर व्हा. बायकांनो, पाणी तापवा."

बाप्ये मागं सरून खळ्यात गेले. मी तर पदर खोचलेला तसाच उभा राहिलो. चार शब्द सुनावायला किती दिवस राखून ठेवले होते, ते माझ्या तोंडातच राहिले. आम्ही बायकांनी तुला न्हाऊ घातलं. निळी साडी नेसवली, तीच. मुमताजनं तुझे केस विंचरले.

तुला ‘आली’ ऐकायचं होतं, मिळालं ‘गेली’. क्रियापद नको तेच आलं, सुधा, पण प्रत्यय तुला हवा होता तोच होता. तू एका कान्यासाठी नोकरी सोडलीस. त्या दिवशी ते म्हातारीला कळलं नव्हतं असं आपण समजलो. मला वाटतं तिला तेव्हाच कळलं होतं, आणि ती पिशवीभर तांदूळ उगीच नव्हती ठेवून गेली.

ती अजून माझ्याकडंच आहे. शनिवारपर्यंत राहते म्हणालीय. आत्ता हे लिहितोय तर मुली आल्यात, आणि म्हातारी पडवीच्या पायरीवर बसून एकेकीला विचारतेय, "माझ्या लेकीकडं शिकता काय गो तुम्ही?"

मुमताज तिच्यापुढं बसली आणि म्हणाली, "हो आजी. बाई शिकवतात आम्हाला."

‘शिकवतात’ म्हणाली ती, ‘शिकवायच्या’ नाही. पेन्सिल माझ्याच हातात होती. मी काही दुरुस्त केलं नाही.